नऊ दिवस अनवाणी

दयानंद गावडेनं उभ्या आयुष्यात एकच नवस केला, तोही भर दुपारी, चालत्या अँब्युलन्समध्ये. तसा तो देवभोळा माणूस नव्हे. वीज कंपनीत लाईनमन. देवापेक्षा अर्थिंगवर भरवसा ठेवणारा. चंदगड तालुक्यातला पाऊस तारा तोडतो, झाडं पाडतो, आणि मग दयानंदसारख्यांना चिखल तुडवत खांबामागून खांब बघत हिंडावं लागतं. नव्यानं लागलेलं कुणी रबरी बूट न घालता खांबाजवळ दिसलं, की तो त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. देवळात जाई, पण बायकोबरोबर, आणि ती आत असेपर्यंत बाहेर मोबाइल बघत उभा राही.

ती बायको, अश्विनी, दम्यानं गेली. गडहिंग्लजच्या रस्त्यावर, जीपमध्ये, त्याच्या मांडीवर. समृद्धी तेव्हा सात वर्षांची होती. पोरीनं आईचे डोळे घेतले, आईचा हट्टीपणा घेतला आणि आईचा दमाही घेतला. पुढची दहा वर्षं दयानंद तिच्या छातीकडे कान लावूनच जगला. भाकरी थापताना, अंघोळ करताना, पेपर वाचताना पलीकडच्या खोलीत श्वास बारीक शिट्टी वाजवायला लागला, की हातातलं टाकून तो औषधाचा पंप शोधायला धावायचा.

समृद्धी सतरा वर्षांची होती तेव्हा, २०३९ च्या मार्चमध्ये, एका दुपारी पंपानं उतार पडेना. अँब्युलन्स आली, ऑक्सिजन लावला, तरी तिची नखं निळी पडत चालली. अश्विनी गेली त्याच वळणाच्या आसपास दयानंदच्या तोंडून शब्द बाहेर पडले. "सातेरी आई, हिचा श्वास थांबवू नको. पोर बरी झाली तर नवरात्रात नऊ दिवस आमी बापलेक अनवाणी तुज्या दारात येतो."

ही सातेरी अश्विनीच्या माहेरची. तिला मूर्ती नाही. रानात पुरुषभर उंचीचं एक वारूळ आहे, त्यालाच लुगडं नेसवतात आणि ओटी भरतात. त्या घरातली नवसाची रीत अशी, की ज्याच्यासाठी बोललात त्यानं तो स्वतःच्या पायांनी फेडायचा. बापानं किंवा भावानं परस्पर फेडलेला देवी मोजत नाही. अश्विनीनं हे त्याला लग्नानंतर पहिल्याच वर्षी समजावून सांगितलं होतं आणि तो हसला होता. आता बोलताना मात्र "आमी बापलेक" हे शब्द आपसूक आले.

पोर वाचली. कोल्हापूरच्या एका मोठ्या रुग्णालयात तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि तिनं शिरा मागितला.

डॉ. मृणाल सबनीस त्यांना तिथंच भेटल्या. दमा आणि प्रतिकारशक्ती ह्या विषयात डोक्यापर्यंत बुडालेली बाई. बोलताना समोर जो कागद असेल त्यावर चित्र काढायची सवय, मग तो कागद कुणाचा रिपोर्ट का असेना.

"ही श्वासनळी," त्यांनी डिस्चार्जच्या कागदामागं एक नळी काढली. "हिच्या भिंतीत काही पेशी आयुष्यभर मुक्काम ठोकून असतात. त्यांना आम्ही स्मृतिपेशी म्हणतो. लहानपणी कधीतरी धुळीतल्या किड्याचा एखादा कण आत गेला आणि ह्यांनी तो शत्रू म्हणून लक्षात ठेवला. आता तोच कण आला की ह्या रासायनिक निरोप सोडतात. निरोप मिळाला की रक्तातून दुसऱ्या पेशी धावून येतात, इओसिनोफिल नावाच्या. त्यांच्या पोटात विषारी दाणे असतात. ते त्या फोडतात, भिंत सुजते, चिकट कफ सुटतो, नळीभोवतीचा स्नायू आवळला जातो. धूळ कुणाचा जीव घेत नाही, गावडे. आपलीच फौज घेते."

दयानंदनं चित्र निरखून बघितलं. "म्हंजे लाइनवर लोड न्हाईच, तरी ट्रिप व्हतंय."

"अगदी तसं. आजवरची औषधं धावून आलेल्या फौजेला शांत करायची. बोलावणाऱ्या पेशी जागच्या जागीच राहायच्या, पुढच्या धुळीची वाट बघत."

सबनीसांच्या प्रकल्पाचं नाव होतं 'शमन'. रुग्णाच्याच रक्तातल्या काही पेशी काढून घ्यायच्या, बोलावणाऱ्या पेशी नेमक्या ओळखून त्यांना संपवायचं शिक्षण त्यांना प्रयोगशाळेत द्यायचं आणि त्या परत शरीरात सोडायच्या. नव्यानं जन्मणाऱ्या पेशीही मुक्या निपजाव्यात, अशी एक जनुकीय सूचना अस्थिमज्जेत पेरून ठेवायची. एकदाच करायचा उपचार, जन्मभर पुरणारा. त्याआधी रुग्णाच्या मूळ पेशींचा एक नमुना गोठवून पुण्याला ठेवत, न जाणो कधी परत लागल्या तर म्हणून.

पलंगावरून समृद्धीनं विचारलं, "पण मॅडम, ही फौज ठेवलीच कशाला मग निसर्गानं? दम्यासाठी तर नसेल."

सबनीसांनी पेन खाली ठेवलं. असा प्रश्न त्यांना फारसं कुणी विचारत नसावं. "कृमींसाठी. माणूस लाखो वर्षं अनवाणी हिंडला. मातीतले कृमी पायाच्या कातडीतून आत शिरायचे आणि रक्तातून फुप्फुसात यायचे. जिवाणू एवढासा असतो, पेशी त्याला गिळून टाकते. कृमी गिळता येत नाही. त्याला विषारी दाण्यांनी भाजावं लागतं, कफात गुंडाळावं लागतं, खोकून बाहेर फेकावं लागतं. दम्यात हीच सगळी हत्यारं चालतात, फक्त समोर कृमी नसतो."

"आणि उपचारानंतर खरंच कृमी आले तर?"

"म्हणून बूट घालायचे. कायम. दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि जंताची गोळी."

घरी न्यायला एक सूचनापत्रकही मिळालं. त्यात सातव्या क्रमांकावर लिहिलं होतं, 'रुग्णाने अनाच्छादित मृदेशी त्वचीय संपर्क कटाक्षाने टाळावा.' दयानंदनं ते दोनदा वाचलं. मृदा म्हणजे माती एवढं त्याला लागलं, आणि आपल्याला काही शेती नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला असं समजून त्यानं सही केली.

उपचार पुढच्या वर्षी, २०४० च्या मे महिन्यात झाला. आठ दिवस ताप आला, अंग दुखलं, आणि मग एक दिवस समृद्धी घराचा माळा झाडायला चढली. दहा वर्षांची धूळ होती तिथं. दयानंद खाली पंप हातात घेऊन उभा. ती डोक्यावर जळमटं घेऊन खाली उतरली, दोनदा शिंकली आणि म्हणाली, "पप्पा, च्या करा की."

जूनमध्ये तिनं वनरक्षक भरतीचा अर्ज भरला. लहानपणापासून खिडकीतूनच जंगल बघितलेली पोर, तिला आता त्याच जंगलात नोकरी हवी होती. मुलींना तीन किलोमीटर धावावं लागतं. ती रोज सकाळी शाळेच्या मैदानावर धावायची, चिखल-पाऊस काही न बघता, नव्या बुटांत. दयानंद कडेला घड्याळ घेऊन उभा राहायचा. ती फेरी संपवून समोर आली की तिचा श्वास जोरात यायचा, पण स्वच्छ यायचा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला रात्रभर सलग झोप लागायला लागली होती, आणि सुख सुख म्हणतात ते हेच असावं असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

ऑक्टोबर आला. आदल्या नवरात्रात दमा होता तसाच होता, म्हणून नवस फेडायचा राहिला होता; आता पोर खरंच बरी झाली होती.

"समू, घटस्थापना गुरुवारी हाय," जेवताना तो म्हणाला.

"म्हाईत हाय."

"नवस बोललोय मी. दोघांचा."

तिचा हात ताटात थांबला. "पप्पा, मॅडमनी बूट घालायला सांगितल्यात. तुमीच सही केलासा."

"ते शेतात न्हाई जायचं म्हणून हाय. देवीची वाट म्हंजे काय शेत?"

"मातीच की ती."

"नऊ दिसांनी काय व्हतंय? जिनं तुजा श्वास ठेवला तिला..."

"श्वास सबनीस मॅडमनी ठेवला, पप्पा."

दयानंद रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या बापाशी भांडता येतं. त्यानं फक्त ताट उचललं, धुतलं आणि पालथं घातलं. त्या अँब्युलन्समध्ये त्याच्याजवळ डॉक्टर नव्हते, प्रयोगशाळा नव्हती, होता तो एक शब्द, आणि दिलेला शब्द पाळला नाही तर मिळालेलं परत जाईल ही धास्ती त्याच्या मनात आत कुठंतरी घर करून बसली होती. हे त्याला बोलून दाखवता आलं नाही. लाईनमन माणसाला अशा भीतीची लाजही वाटत होती.

गुरुवारी सकाळी तो उठला, रजेचा अर्ज कंपनीला पाठवला, बूट दारात काढून ठेवले आणि एकटाच निघाला. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मागून हाक आली. "थांबा, मी येतो." तिकडच्या पोरी अशाच बोलतात, मुलगे बोलतात तशा. समृद्धी पायरीवर बसून बुटांचे बंद सोडत होती. ती सातेरीसाठी आली नव्हती. बाप एकटा चिखलातून चाललेला तिला बघवला नाही, इतकंच.

वाट चार किलोमीटरची. आधी भाताचे बांध, मग केवड्याच्या बनाकडेचा ओहोळ, मग रान. परतीच्या पावसानं सगळं भिजलेलं, घोटाभर चिखल. घरोघरी संडास होऊन पिढी उलटली, तरी ओहोळाच्या आडोशाला जायची काही म्हाताऱ्यांची सवय सुटली नव्हती. नऊ दिवस बापलेक त्या वाटेनं गेले आणि आले. समृद्धीनं त्याला आईबद्दल कधी विचारलं नव्हतं ते सगळं त्या वाटेवर विचारलं. आई गाणं म्हणायची का, भांडायची कशावरून, लग्नात कुठल्या रंगाचा शालू होता. दयानंदला शालूचा रंग आठवेना, म्हणून ती त्याला ओहोळापर्यंत टोमणे मारत राहिली. पाचव्या दिवशी तिच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात लाल पुरळ आलं, खाज सुटली. दयानंदलाही तसंच झालं. दोघांनी खोबरेल तेल लावलं.

ओल्या मातीत एक कृमी असतो, सुताच्या तुकड्याएवढाही नसलेला. त्याची अळी डोळ्यांना दिसत नाही. ती तळव्याच्या कातडीतून आत शिरते, रक्ताबरोबर फुप्फुसात पोचते, श्वासनळीतून वर चढते, घशाशी गिळली जाते आणि आतड्यात मुक्काम करते. ह्या कृमीची खोड अशी, की त्याच्या काही पिलांना बाहेर पडावंच लागत नाही. आतड्याच्या भिंतीतून ती पुन्हा रक्तात शिरतात आणि तीच फेरी नव्यानं सुरू करतात. धडधाकट शरीरात फौज त्यांना मोजक्या संख्येत दाबून ठेवते. दयानंदच्या पायातूनही त्या अळ्या गेल्याच होत्या. दसऱ्यानंतर तो दहाबारा दिवस खोकला, छाती जरा घरघरली, त्याच्या पेशींनी त्यांचं काम चोख केलं आणि तो विसरून गेला. समृद्धीला साधा खोकलासुद्धा आला नाही. ह्याचं दयानंदला कौतुक वाटलं होतं.

डिसेंबरच्या तपासणीत तिचं रक्त निर्मळ निघालं. कृमी झाले की रक्तातले इओसिनोफिल वाढतात, विशिष्ट प्रतिपिंडं वाढतात, आणि डॉक्टर तेच मोजतात. आपण घरात चोर शिरलाय की नाही हे कुत्र्याच्या भुंकण्यावरून ओळखावं, तशी ही तपासणी होती. आणि 'शमन'नं कुत्रंच मुकं केलं होतं. विष्ठेची तपासणीही झाली, पण ह्या कृमीच्या अळ्या तुरळक पडतात, एका नमुन्यात सापडतीलच असं नाही. जंताची गोळी तिनं नेमानं घेतली. ह्या कृमीला ती पुरी पडत नाही.

जानेवारीत भरतीची धाव झाली. समृद्धीनं तीन किलोमीटर चौदा मिनिटांच्या आत काढले आणि निवड यादीत तिचं नाव आलं. दयानंदनं सगळ्या सबस्टेशनला पेढे वाटले. त्यानंतर महिन्याभरात तिचं पोट दुखायला लागलं, जेवण कमी झालं, बारीक खोकला लागला. धावून धावून थकवा आलाय, असं दोघं म्हणाले. मग फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी दयानंद भाकरी थापत होता आणि पलीकडच्या खोलीत शिट्टी वाजली.

तो आवाज त्यानं हजारात ओळखला असता. त्याला वाटलं, दमा परत आला. शब्द पाळूनही परत आला. फळीवरच्या डब्यात जुन्या स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. कोल्हापूर गाठेपर्यंत उतार पडावा म्हणून कधीकाळी दिलेल्या. तारीख बघून त्यानं त्या तिला सुरू केल्या. दोन दिवस शिट्टी थांबली आणि समृद्धी म्हणाली, कशाला उगंच मॅडमना त्रास द्यायचा, कमी आलंय. चौथ्या दिवशी तिला उठून बसवेना, तेव्हा त्यानं तिला कोल्हापूरला नेली.

"स्टेरॉइड?" सबनीसांनी दयानंदकडं बघितलं. त्यांचा आवाज चढला नाही, पण हातातलं पेन थांबलं. मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "समृद्धी, नीट आठवून सांग. उपचारानंतर कधी अनवाणी चालली होतीस? शेतात, ओढ्यात, कुठंही. एकदासुद्धा?"

समृद्धीनं बापाकडं बघितलं.

दयानंदनं खाली फरशीकडं बघितलं. त्या एवढ्याशा वेळात त्याच्या डोक्यात काय काय येऊन गेलं. सही मोडली म्हणून प्रकल्पातून काढतील. पुण्यात ठेवलेल्या पेशी देणार नाहीत. शिकलेल्या बाईसमोर म्हणायचं, की पोरीला वारुळासाठी चिखलातून नेली. आणि सगळ्यांच्या तळाशी एक हट्टी विचार, की देवीच्या वाटेवर असं कसं होईल, हे दुसरंच काहीतरी असणार. फरशीवर एक निळा ठिपका होता, त्याच्याकडं तो बघत राहिला.

"नाही मॅडम," समृद्धी म्हणाली.

सबनीसांचा संशय तरीही पुरता फिटला नाही. त्यांनी विष्ठेचा नमुना पाठवला. तो कोरा आला. कृमीवरचं जोरकस औषध नुसत्या संशयावर देता येत नव्हतं, कारण शमन झालेल्या शरीरात मेलेले कृमी साफ करायलाही पेशी नसतात, आणि प्रकल्पाचा नियम पुरावा मागत होता. तेव्हा त्यांनी न्यूमोनिया धरून उपचार सुरू केले. तो दिवस गेला, दुसराही गेला. छातीच्या फोटोत दोन्ही बाजू पांढुरक्या होत चालल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी समृद्धीच्या पोटावर, बेंबीभोवती, बारीक जांभळ्या रेषा उठल्या. आतून कुणी नखानं ओरखडलं असावं तशा. दयानंद त्या बघून उठला आणि सबनीसांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"नऊ दिस," तो म्हणाला. "नवरात्रात. मीच नेली हुती."

सबनीस उठल्या. धावतच गेल्या. तासाभरात त्यांनी कफाचा थेंब स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, आणि मग, का कोण जाणे, दयानंदलाही बोलावून दाखवला. गोल उजेडात त्या वळवळत होत्या. एक, चार, मोजता येईनात इतक्या. स्टेरॉइडनं उरलासुरला बंदोबस्तही उठला होता आणि अळ्या आतड्यातून वाट मिळेल तिकडं निघाल्या होत्या. जाताना आतड्यातले जिवाणूही त्यांनी रक्तात नेले होते. औषध लगेच सुरू झालं. पुण्याला निरोप गेला, गोठवलेल्या पेशी वाढवायला घेतल्या. त्या तयार व्हायला अकरा दिवस लागणार होते.

"दोन दिस आदी सांगितलं आसतं तर?" दयानंदनं विचारलं.

सबनीसांनी चष्मा काढून पुसला. "मला खरंच माहीत नाही, गावडे." खोटा धीर देणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. त्या क्षणी त्यांनी तो दिला असता तर दयानंदनं तो आनंदानं घेतला असता.

त्या दुपारी समृद्धीला थोडं बरं वाटलं. मास्क बाजूला करून ती बोलली, दोनदोन शब्द, मध्ये थांबत.

"मॅडमना सांगितलासा?"

"व्हय."

"काय म्हणून?"

"मी नेलं म्हणून."

तिनं मान हलवली. "तसं नका सांगू. मोठे साहेब विचारायला येतील. मीच गेलो म्हणून सांगा. तुमी नगं म्हणत हुतासा आणि मी ऐकलं न्हाई."

"समू, गप पड. दम लागतोय."

"तुमाला एकट्याला ऱ्हायचं हाय, पप्पा. लोकं जगू देणार न्हाईत." तिनं त्याचं बोट धरलं. "म्हणा की, बरं."

"बरं," दयानंद म्हणाला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. पेशी यायला अजून आठ दिवस होते. वनखात्याचं नेमणुकीचं पत्र तिच्या तेराव्यानंतर आलं, आणि पोस्टमननं ते हातात न देता उंबऱ्यावर ठेवलं.

चौकशी समिती मार्चच्या शेवटी बसली. कोल्हापुरातल्या त्याच रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर, लांब टेबलाशी तिघं जण, आणि कडेला डॉ. सबनीस. एका महिन्यात त्या पाच वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसत होत्या. दयानंदनं आपला जबाब आठवड्यापूर्वीच सही करून दिला होता, समृद्धीनं सांगितला होता तसाच. सबनीसांनी तो वाचला होता. दारात उभा राहून तो काय बोलला होता हे त्यांच्या लक्षात होतं, आणि त्यांनी ते समितीला लेखी कळवलंही होतं. पण बापाच्या सहीचा कागद समोर असताना समितीनं तोच धरला.

अध्यक्षांनी निष्कर्ष वाचून दाखवला. रुग्णाने वडिलांच्या विरोधास न जुमानता, स्वेच्छेने सूचना क्रमांक सातचा भंग केला. विचारणा झाली असता रुग्णाने डॉक्टरांपासून ही माहिती दडवली. सूचनापत्रक पुरेसे स्पष्ट असून त्यात बदलाची आवश्यकता आढळत नाही. प्रकल्प पूर्ववत सुरू ठेवण्यास हरकत नाही.

"काही म्हणायचंय, गावडे?" त्यांनी सहानुभूतीनं विचारलं. माणूस वाईट नव्हता. त्याला जेवायच्या सुट्टीआधी हे संपवायचं होतं, एवढंच.

"पेशंट किती हायत सायेब, असलं केलेले?"

"तीनशे बारा. म्हणजे, आता तीनशे अकरा."

"त्यांच्याकडं हाच कागद हाय?"

"हाच."

तीनशे अकरा घरं. कुणाच्या तरी घरी बोललेला नवस असणार, कुठं लावणी असणार, कुठं खळ्यात चप्पल घालून पाऊल टाकायचं नसणार. अनाच्छादित मृदा हे शब्द वाचून ती माणसंही सही करून मोकळी झाली असणार. समृद्धीला दिलेला शब्द दयानंदच्या छातीवर बसला होता. एकदा शब्द पाळायला म्हणून तो तिला चिखलातून घेऊन गेला होता. आता दुसरा पाळला, की तिच्या नावावर एक अवज्ञा आणि एक खोटं कायमचं लिहिलं जाणार होतं.

तो उभा राहिला. "त्यो जबाब खोटा हाय. पोर नगं म्हणत हुती. मी नेलं तिला. तुमचा सातवा नंबर मला कळला न्हाई, पर तिला कळला हुता. तिनं मला सांगितलं आणि मी ऐकलं न्हाई. तिथं सरळ लिवा, की अनवाणी चालू नगा, देवाला बी न्हाई, आणि आमच्यासारख्याला वाचून दावा."

लेखनिक लिहून घेत होता. डॉ. सबनीस टेबलाच्या कडेकडं बघत होत्या.

अध्यक्षांनी कागद पुन्हा पुढं ओढला. "हे सगळं नोंदवून घेऊ. पण गावडे, डॉक्टरांनी स्पष्ट विचारलं तेव्हा तुमच्या मुलीनं 'नाही' असं खोटं सांगितलं. ते तर तसंच राहील ना?"

"तिनं आदी माज्याकडं बघितलं, सायेब," दयानंद म्हणाला. "सांगायचं मी हुतं. मी खाली बघितलं, म्हणून ती बोलली."